नंतरची ठेव

वहिनी खजिनदार झाल्या त्या एकाच कारणानं: त्यांचं सगळं आयुष्य वीजबिलाच्या खिडकीमागे गेलं होतं. शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यावर चार घरची माणसं पहिल्यांदा जमली. संस्थेचं नाव ठरलं, अध्यक्ष ठरले, आणि पैसे कोणी सांभाळायचे हा प्रश्न आला तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"वहिनींना नोटा मोजायची सवय आहे," शिंपी म्हणाला.

"सवय आहे, पण लोकांच्या नोटा मोजायची," वहिनी म्हणाल्या.

"मग ह्या तरी कुठं तुमच्या असणार?" शिंपी म्हणाला, आणि विषय तिथंच मिटला.

चारही घरांत एकेक मूल होतं, आणि ती मुलं आता मुलं राहिली नव्हती. वहिनींची चिऊ तेव्हा बावीस वर्षांची होती. अंगानं पूर्ण वाढलेली आणि समजुतीनं चार-पाच वर्षांची. विशेष मुलांची शाळा अठराव्या वर्षी संपते. शाळेनं चिऊला गुलाबाचं फूल दिलं, एक फोटो काढला आणि घरी पाठवलं. त्यानंतर चार वर्षं ती खिडकीत बसून होती. रोज शाळेची गाडी समोरून गेली की ती चप्पल घालायची. गाडी थांबायची नाही. मग चप्पल काढायची. वहिनी कामावरून आल्या की चिऊ तिथंच, त्याच खिडकीत. अशा मुलांना दिवसभर एक जागा हवी, करायला काहीतरी हवं, बोलायला माणसं हवीत. एवढ्यासाठी ती संस्था निघाली.

पहिली काही वर्षं माळ्यावरच गेली. मुलं औषधांच्या दुकानांसाठी कागदी पाकिटं चिकटवायची. निम्मी वाकडी व्हायची, ती रात्री आया सरळ करायच्या. वर चढायचा जिना अरुंद होता. एकदा एका मुलाला वर चढवताना वहिनींची दमछाक झाली, तेव्हा रस्त्यानं जाणारी एक बाई काही न विचारता त्याच्या दुसऱ्या बगलेत हात घालून वर आली. तीच पुढं संस्थेची पहिली पगारी माणूस झाली. सगळे तिला अक्का म्हणायचे.

पैसे तेव्हा कमीच असायचे, पण किती कमी आहेत ते सगळ्यांना माहीत असायचं. महिनाअखेरीला वहिनी जिन्याच्या पायरीवर उभ्या राहून सांगायच्या, "ह्या खेपेला भाड्याला एवढे कमी पडतात." कोणी पाकिटातून काढून द्यायचं, कोणी दुसऱ्या दिवशी आणायचं. ज्याच्याकडे नसायचं तो रविवारी येऊन माळा धुऊन काढायचा. कुणी उपकार केले असं कुणाला वाटायचं नाही.

मग कंपनी आली.

अध्यक्ष होते ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा धाकटा मुलगाही संस्थेतच होता. सगळे त्यांना सर म्हणत. सरांचा एक जुना विद्यार्थी एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर चढला आणि त्यानं संस्थेला तीन वर्षांसाठी मोठी रक्कम मंजूर करून दिली. माळा सुटला. एक दुमजली घर भाड्यानं घेतलं. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, दोन शिक्षिका आल्या, मुलांना घरून आणायला गाडी आणि ड्रायव्हर आला. चार मुलांची तीस झाली. पहिल्या दिवशी गाडी दारात येऊन खरंच थांबली तेव्हा चिऊला ते खरं वाटेना. ती चप्पल घालून उंबऱ्यातच उभी राहिली. ड्रायव्हरनं उतरून हात धरल्यावर मग चढली.

वहिनींना एकच गोष्ट खुपत होती. कंपनीची अट होती की वर्षाचे पैसे वर्षात संपले पाहिजेत. उरवून बाजूला टाकायचे नाहीत.

"सर, हे पैसे थांबले तर?" त्यांनी विचारलं.

"काठ सोडल्याशिवाय पोहता येतं का, वहिनी?"

"नाही येत. पण शिकताना कमरेला डबा बांधतात. आपला डबा कुठाय?"

सर हसले. "कंपनी हाच आपला डबा."

सर वाईट माणूस नव्हते. उलट तीस घरांत दुपारची शांतता आली ती त्यांच्यामुळे, हे वहिनी कुणालाही सांगायच्या. पण त्या तीन वर्षांत एक गोष्ट हळूच झाली. पालकांची वर्गणी आटली. "कंपनी देते ना," असं आधी एकानं म्हटलं, मग दहांनी. नव्यानं आलेल्यांना तर वर्गणी असते हेच ठाऊक नव्हतं. नव्या घरात महिनाअखेरीला पायरीवर उभं राहून काही सांगायची वेळ आली नाही, आणि ती सवयच गेली.

पालकांनी मनापासून पैसे दिले ते एकाच गोष्टीसाठी. आपण मेल्यावर ह्यांचं काय, हा प्रश्न त्या घरांत जेवताखाता असायचा, फक्त कुणी मोठ्यानं काढायचं नाही. सरांनी तो काढला. मुलांना कायमचं राहता येईल असं एक निवासस्थान पुढंमागं बांधायचं, आणि त्यासाठी ज्याला जमेल त्यानं बँकेत संस्थेच्या नावे ठेव ठेवायची. ठेवीला नाव पडलं 'नंतरची ठेव'. काय नंतर, ते सगळ्यांना कळत होतं.

त्यात सगळ्यांत मोठा वाटा घड्याळजींचा होता. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. बायको केव्हाच वारली होती. मुलगा चाळिशीला आलेला, दांडगा, शांत, कुणी रडताना दिसलं की जाऊन डोक्यावर हात ठेवून उभा राहणारा. घड्याळजी त्याला 'राजे' म्हणत आणि अहो-जाहो करत, म्हणून सगळी संस्था तेच करायची. घड्याळजींनी दुकान विकलं आणि आलेला पैसा जसाच्या तसा ठेवीत टाकला.

"हे माझे नाहीत बरं का, वहिनी," ते म्हणाले होते. "राजेंचे आहेत. मला सुद्धा मागितले तर देऊ नका."

तीन वर्षं संपली. सरांचा विद्यार्थी दुसऱ्या देशात बदलून गेला. त्याच्या जागी आलेल्या तरुण साहेबांनी सरांना आणि वहिनींना बोलावून घेतलं, छान चहा पाजला, मुलांचे फोटो बघून हळहळले आणि म्हणाले, "काम सुंदरच आहे. पण यंदापासून आमचा भर झाडांवर आहे."

बाहेर येऊन सर फाटकाशी थांबले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "झाडांना पगार लागत नाही." त्यांनी त्या वर्षात केलेला हा शेवटचा विनोद.

मग वणवण सुरू झाली. वहिनी आणि सर रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीच्या बाकावर बसलेले असायचे. नाही असं तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, उलट द्यायला लोक तयार होते. पण वस्तू. एका व्यापाऱ्यानं पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं, त्यावर वडिलांच्या नावाची पितळी पट्टी ठोकून. संस्थेत अशी दोन यंत्रं आधीच होती. कोणी चाकाच्या खुर्च्या दिल्या, कोणी रंगीत टेबलं, कोणी मुलांसोबत आपल्या नातवाचा वाढदिवस साजरा करून गेलं. जिन्याखालची खोली नावाच्या पट्ट्यांनी भरून गेली, आणि त्याच महिन्यात विजेचं बिल थकलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची थकलेली बिलं खिडकीतून घेणाऱ्या वहिनी आता खिडकीच्या बाहेर रांगेत उभ्या राहून मुदत मागत होत्या. आतला कारकून त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं मान वर न करता आठवड्याची मुदत लिहून दिली. त्यानं मान वर केली नाही हेच त्यातल्या त्यात बरं झालं, असं वहिनींना वाटलं.

"मला पगारासाठी पैसे हवेत," त्या एकदा एका दानशूर बाईंना स्पष्टच म्हणाल्या. "वस्तू पुष्कळ आहेत. मुलांना भरवणारा हात वस्तूंना नसतो."

बाई विचारात पडल्या. "पण पगारावर आमचं नाव कुठं लावणार?"

आधी डॉक्टरीणबाई गेल्या, मग एक शिक्षिका. ड्रायव्हर डिझेलपुरते पैसे खिशातून घालत होता, तो एका सकाळी गाडीची किल्ली वहिनींच्या टेबलावर ठेवून उभा राहिला. वहिनीच म्हणाल्या, "जा. दुसरीकडे चांगलं बघ."

अक्का मात्र होती. तिचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. एक दिवस ती मुलांची जेवणं उरकून, हात पुसत वहिनींसमोर बसली.

"वहिनी, मी चिडलेली नाही," ती म्हणाली. "पण माझा घरमालक माझा चांगुलपणा भाड्यात धरत नाही."

"पुढच्या आठवड्यात देते, अक्का."

"मागच्या महिन्यात पण तुम्ही पुढचा आठवडाच म्हणाला होता."

त्या संध्याकाळी वहिनींनी हातातल्या पाटल्या विकल्या. धाकटी बहीण भेटायला आली तेव्हा तिला मोकळे हात दिसले आणि ती ताडकन उठूनच उभी राहिली.

"ताई, चिऊसाठी ठेवल्या होत्यास ना त्या? दुसऱ्याच्या घराला टेकू देताना आपलं छप्पर तरी बघावं माणसानं."

"चिऊचं छप्पर तेच आहे," वहिनी म्हणाल्या. बहिणीनं जाताना दार जोरात ओढून घेतलं.

पाटल्यांत अक्काचा पगार भागला आणि एका महिन्याचं भाडं. पुढच्या महिन्याला विकायला काही नव्हतं. घरमालकानं जागा खाली करायला सांगितलं. तेव्हा सर म्हणाले, "ठेव आहे."

वहिनींनी वर बघितलं.

"मोडायची असं नाही म्हणत मी. थोडी काढायची. दोन ठिकाणी अर्ज गेलेत, त्यातला एक तरी होईल. तीन महिन्यांत परत टाकू."

"पालकांना विचारायला हवं, सर."

"विचारा. उद्या निम्मी मुलं घरी बसतील. संस्था बुडते म्हटल्यावर थांबतो कोण? मग वाचवायला उरेल काय? आणि ही जागा गेली तर ते निवासस्थान तरी कोण बांधणार आहे?"

वहिनींनी चिऊचा विचार केला. खिडकी, चप्पल, न थांबणारी गाडी. दुसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या. दोन सह्या लागत, खजिनदाराची आणि अध्यक्षांची. सही करताना त्यांचा हात जराही थरथरला नाही, आणि ह्याचंच त्यांना पुढं कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं.

दोन्ही अर्ज फेटाळले गेले. तीन महिन्यांनी पुन्हा बँकेत जावं लागलं. पुन्हा सरांनी तेच सांगितलं आणि पुन्हा वहिनींनी ते ऐकलं. तिसऱ्या खेपेला सरांनी काही सांगितलंच नाही, नुसतं पेन पुढं केलं. पालक सभेला येत, चहा पीत, "चाललंय ना ठीक?" विचारत, आणि सर म्हणत, "ओढाताण आहे, पण चाललंय." खोटं त्यात काहीच नव्हतं, पण वहिनींना त्या वाक्याची शिसारी यायला लागली. घड्याळजी राजेंना सोडायला येण्याच्या वेळी त्या जिन्याखालच्या खोलीत जाऊन उगाच काहीतरी शोधत उभ्या राहायच्या. एकदा राजेच त्यांना शोधत तिथं आले. वहिनी रडत नव्हत्या, पण राजेंना काय दिसलं कोण जाणे. ते आले आणि त्यांच्या डोक्यावर आपला जड हात ठेवून उभे राहिले. वहिनींना तो हात बाजूला करवेना आणि सहनही होईना.

दीड वर्ष असं गेलं. मग एका दुपारी घड्याळजी कचेरीत आले आणि दार लोटून घेऊन खुर्चीत बसले. त्यांचा सदरा अंगावर लोंबत होता.

"पोटात गाठ निघालीय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, सहा महिने धरा. मी दुकानदार माणूस, मी चारच धरतो."

वहिनींचा चेहरा उतरला.

"तुम्ही तोंड नका पाडू. मी उपचाराला पैसे मागायला नाही आलो. उपचार नाहीतच म्हणे फारसे. मला फक्त राजेंच्या ठेवीचा आकडा ऐकायचाय. व्याज धरून केवढी झाली? एकदा कानानं ऐकला की मी मोकळा झालो."

बाहेर मुलं कसलंतरी गाणं म्हणत होती आणि अक्का टाळ्या वाजवत होती. वहिनींच्या मनात आलं, चार महिने. एक आकडा सांगितला तर हा माणूस समाधानानं जाईल, आणि कुणाला कळणारही नाही. आकडा त्यांच्या ओठांवर आलासुद्धा होता.

"घड्याळजी, ठेव राहिलेली नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मोडली. पगाराला गेली, भाड्याला गेली. पाचवा हिस्सा उरला असेल."

घड्याळजींना ते कळायला वेळ लागला. "कोणी मोडली?"

"मी. आणि सरांनी. पहिली सही माझी आहे."

"मला विचारलं का नाही?"

"तुम्ही नाही म्हणाला असता म्हणून."

घड्याळजी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "पैसे तुम्ही घरी नेले असते ना, तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या." ते उठले, राजेंना गाणं अर्धं सोडायला लावलं आणि हाताला धरून घरी घेऊन गेले. राजे फाटकापर्यंत मागं वळून वळून बघत होते.

सरांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदाच वहिनींवर ओरडले. "मरणाऱ्या माणसाला हे सांगून काय मिळवलंत तुम्ही? दोन महिने थांबला असतात तर काहीतरी उभं केलं असतं मी."

"सर, ते दोन महिने गेलं दीड वर्ष चाललेत."

"मी हे सगळं स्वतःसाठी केलं का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर आपल्याला कुणी थांबवलं नाही."

पालकांची सभा झाली ती वहिनींना जन्मात विसरता येणार नाही. त्यांनी सगळं उभ्यानं सांगितलं, जसं पूर्वी पायरीवरून सांगत तसं. केव्हा काढले, किती काढले, कशाला गेले. एक बाप म्हणाला, पोलिसांत जाऊ. एक आई उठली आणि मुलाचा डबा, टॉवेल, जादा कपडे पिशवीत भरायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आम्हाला वाटलं कंपनी देते." त्यावर शिंपी संतापला, "कंपनी जाऊन दोन वर्षं झाली. कधी विचारलंत?" त्याला उलट विचारलं गेलं की मग तू तरी कधी विचारलंस. सर खाली मान घालून बसले होते. त्यांच्याकडे बघून सभेतल्या निम्म्या लोकांचा राग विरघळला आणि उरलेल्यांचा वाढला.

घड्याळजी शेवटी बोलले. बसूनच बोलले, त्यांना उभं राहवत नव्हतं.

"पोलिसांत जाऊन राजेंना कोण सांभाळणार, पोलीस?" ते म्हणाले. "माझा ह्या बाईंवर विश्वास उरलेला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. पण मी दुसरीकडे कुठं जाऊ, तेही मला सांगा."

त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"उरलेला पैसा आहे तिथंच राहू दे. काढून ठेवू कुठं, उशाखाली? सह्या मात्र आता दोन पालकांच्या. वहिनींची नाही. काम त्यांनीच करायचं. सही नाही."

वहिनींनी मान हलवली. त्याच जागी उभं राहून त्यांनी सांगितलं की आपल्या निवृत्तिवेतनातला तिसरा हिस्सा दर महिन्याला त्या ठेवीत टाकतील. कुणी वाहवा केली नाही, आणि त्यांची ती अपेक्षाही नव्हती. मनातल्या मनात त्यांनी हिशेब केला होता. ह्या वेगानं ठेव भरून निघायला त्यांना शंभरी ओलांडावी लागणार होती.

महिन्याभरात सतरा मुलं गेली. काहींना दुसरीकडे जागा मिळाली, बहुतेक घरी बसली. सर धाकट्या मुलाला घेऊन थोरल्याच्या गावी राहायला गेले. निघताना ते वहिनींच्या घरी आले, पण आत बसले नाहीत. दारातच म्हणाले, "मी काठ सोडला, वहिनी, पण पोहता येत नव्हतं मला." वहिनींना त्यांना काहीतरी बरं बोलायचं होतं. पण जे सुचलं त्यातलं काहीच खरं नव्हतं, म्हणून त्या त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेल्या, एवढंच.

दुमजली घर सोडलं. गाडी विकून थकलेले पगार चुकते केले. नावाच्या पट्ट्यांच्या वस्तू विकायच्या की नाही ह्यावर पालकांत तंटा झाला. शेवटी शिंप्यानं पेचकस आणून पट्ट्या तेवढ्या काढल्या, एका पिशवीत भरून ज्याच्या त्याला परत पाठवल्या आणि वस्तू विकल्या. दोन देणगीदार रागावले. बाकीच्यांना आपण काय दिलं होतं तेच आठवेना.

एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागच्या दोन खोल्या स्वस्तात मिळाल्या. तिथं साबणाचा वास भिंतीत मुरला होता आणि कोपऱ्यातली फरशी कायम ओली असायची. उरलेल्या मुलांना घेऊन संस्था तिथं गेली. पालकांनी पाळ्या लावून घेतल्या. ज्या दिवशी ज्याची पाळी त्यानं दिवसभर मुलांपाशी थांबायचं. एक बाप नोकरीतून रजा घेऊन यायचा आणि सबंध दिवस मुलांना घाबरून भिंतीला टेकून बसायचा. अक्का अर्ध्या पगारावर राहिली. उरलेल्या अर्ध्यासाठी सकाळी दोन घरची कामं धरली. ह्याला सावरणं म्हणायचं की बुडायला जास्त वेळ लागणं म्हणायचं, हे वहिनींना सांगता आलं नसतं.

घड्याळजी येऊ शकत होते तोवर स्वतः राजेंना घेऊन आले. वहिनींशी कामापुरतं बोलत. पुढं त्यांना अंथरूण सुटेना, तेव्हा वहिनी सकाळी त्यांच्या घरी जाऊन राजेंना घेऊन यायला लागल्या. घड्याळजींनी सगळ्या नातेवाइकांना निरोप धाडले होते. एक भाची येऊन गेली. तिनं राजेंसाठी स्वेटर आणला होता आणि ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

एका सकाळी घड्याळजींनी वहिनींना खुणेनं जवळ बसवलं.

"राजे कुठं राहतील?"

"माझ्याकडे. चिऊबरोबर."

हे त्यांनी आधी कुणाला विचारलं नव्हतं, बहिणीलाही नाही आणि स्वतःलाही नाही. घड्याळजी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत माफी नव्हती. वहिनींनी ती शोधलीही नाही.

"आणि तुमच्यानंतर?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाल्या.

घड्याळजींनी डोळे मिटले. "त्यांना आंघोळीचं पाणी फार गरम लागत नाही," ते म्हणाले. "आणि अंधारात एकटं ठेवू नका. बाकी त्रास नाही त्यांचा." मग राजेंच्या एकेक सवयी सांगत राहिले, दमले की थांबत, पुन्हा सांगत. वहिनी ऐकत होत्या. शेजारी राजे बुटाची नाडी हातात धरून कुणीतरी बांधून देईल म्हणून वाट बघत बसले होते.

घड्याळजी गेले ते त्याच महिन्यात. त्यांनी धरलेले चार महिनेही भरले नाहीत. राजे चार दिवस काहीच बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चिऊनं त्यांची खुर्ची बळकावली तेव्हा ते मोठ्यानं रडले, आणि चिऊ घाबरून खुर्चीवरून उठली. दोघांना शांत करेपर्यंत वहिनींना धाप लागली. छातीत कळ आली आणि त्या स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून, डोळ्यांपुढची काळोखी ओसरेपर्यंत उभ्या राहिल्या.

कळ त्यांना नवी नव्हती. वर्षभर येत होती. डॉक्टरकडे जायला पैसे नव्हते हे खरं, पण खरी गोष्ट ही की त्यांना जायचंच नव्हतं. त्या दीड वर्षात कितीतरी सकाळी त्यांनी डोळे उघडताना मनाशी म्हटलं होतं, आता नाही उघडले तरी चालतील.

दुसऱ्या दिवशी दोघांना अक्काच्या हवाली करून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण होती. तिनं तपासलं, आधी नुसती भुवई उंचावली, मग रागावली.

"इतके दिवस काय करत होतात, काकू? वय काय तुमचं?"

"सदुसष्ट."

"घरी कोण असतं?"

"दोन मुलं."

"मग त्यांना सांगा जरा लक्ष द्यायला."

वहिनींनी ते तसंच सोडून दिलं. "बाई, मला अजून वीस वर्षं पाहिजेत," त्या म्हणाल्या. "त्याला काय काय करावं लागेल ते लिहून द्या."

डॉक्टर हसली, पण समोरची बाई हसत नाही हे बघून तिनं पेन उचललं. औषधं लिहिली, चाचण्या लिहिल्या, मीठ कमी करा म्हणाली, जड उचलू नका म्हणाली. वहिनींनी जड उचलण्याबद्दल पुन्हा विचारलं. माणूस उचलला तर चालतो का, पडलेला माणूस. डॉक्टरला प्रश्न नीट कळला नाही.

औषधाच्या दुकानात किंमत ऐकून त्या क्षणभर घुटमळल्या. दुकानदार म्हणाला, "पाच दिवसांच्या देऊ का आजच्यापुरत्या?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "सगळ्या द्या. महिन्याच्या."

पहिली गोळी त्यांनी तिथंच, दुकानाच्या पायरीवर उभं राहून घेतली आणि लाँड्रीच्या दिशेनं चालायला लागल्या. आज जिची पाळी होती ती आई दुपारी लवकर जाणार होती.